यंत्र आले, खेळ कुठे?

मागच्या दिवाळीत नातवाने नव्या गेमिंग कन्सोलचा हट्ट धरला. आम्ही दोघे नवी पेठेतल्या दुकानात गेलो. यावर खेळायला गेम्स किती, असे मी विचारले. दुकानदार सज्जन होता. सध्या दोन-तीनच, बाकीचे येतील तेव्हा येतील, असे त्याने सांगून टाकले. मला एकदम दादासाहेब फाळके आठवले!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असे कितीतरी उद्योग त्यांनी केले. १९११ साली मुंबईत येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना ध्यास लागला. त्या काळी मुंबईत सिनेमाची यंत्रे होती, तंबू आणि थिएटरेही होती. पडद्यावर मात्र बहुतेक चित्रे परदेशी. आपली देवमाणसे तिथे दिसली पाहिजेत, हे फाळक्यांनी ओळखले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शिवाय फिल्मला भोके पाडण्यापासून सारी मेहनत केली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि लोक लोटले.

पण एका चित्राने थिएटर चालत नाही. प्रेक्षकाला लवकरच नवे हवे असते. म्हणून फाळक्यांनी नाशिकला बिऱ्हाड हलवले आणि ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ लागोपाठ काढले. एवढ्यात १९१४ चे महायुद्ध आले. कच्ची फिल्म मिळेना, भांडवल आटले आणि ओघ तुटला. पुढे १९१७ साली ‘लंकादहन’ने भरपाई केली; उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात.

वेळ चुकली की काय होते, हेही त्यांनीच सोसले. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ हा मूकपट त्यानंतर, १९३२ साली आला. चित्रात कमी नव्हती, पण प्रेक्षकाचे कान आता आवाजाला चटावले होते. शेवटी त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला, विस्मृतीतच म्हणावे अशा अवस्थेत, ते गेले.

कन्सोलचेही असेच आहे. १९९५ साली सेगा कंपनीने ‘सॅटर्न’ अमेरिकेत ठरल्या दिवसाच्या जवळजवळ चार महिने आधी, मे महिन्यातच बाजारात आणला. गेम्स बनवणारे मात्र सप्टेंबरच्या हिशेबाने काम करीत होते. पहिला बार काढला, पण खेळ मोजकेच! सप्टेंबरमध्ये सोनीचा ‘प्लेस्टेशन’ आला आणि तो पुढे निघून गेला. यंत्र घेणारा खरे तर यंत्र घेतच नाही; त्यावर पुढे काय काय येणार, याचा भरवसा घेतो.

नातवाला मी हे सारे घरी येताना सांगितले. फाळक्यांना बैलगाडीभर नाणी मिळाली, एवढेच त्याच्या लक्षात राहिले असावे. कन्सोल या दिवाळीत घेऊ, असे ठरले आहे. तोवर गेम्सची यादी वाढते का, हे तोच रोज बघतो आणि मला येऊन सांगतो.