जेम्स ओटिस

जेम्स ओटिस (५ फेब्रुवारी, १७२५ – २३ मे, १७८३) हे मॅसॅच्युसेट्स या उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतीचे वकील व राजकीय नेते होते. पुराव्याच्या शोधात सरकारने नागरिकाच्या घरात कोणत्या अटींवर शिरावे, या प्रश्नावरील त्यांच्या युक्तिवादामुळे ते ओळखले जातात.

त्यांचा जन्म वेस्ट बार्नस्टेबल येथे झाला. १७४३ मध्ये हार्वर्डची पदवी घेतल्यावर ते जेरेमाया ग्रिडली यांच्याकडे कायदा शिकले व पुढे बॉस्टनच्या नाविक न्यायालयात सरकारी वकील झाले.

चोरटा व्यापार रोखण्यासाठी जकात अधिकाऱ्यांना ‘सहाय्यता आज्ञापत्रे’ मिळत. त्यांत घरमालकाचे नाव नसे, संशयित मालाचा उल्लेखही नसे. आज्ञापत्र हाती असले की दिवसा कोणतेही घर वा वखार धुंडाळता येई. राजाच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी त्यांची मुदत संपे. १७६० मध्ये दुसरे जॉर्ज निवर्तले, तेव्हा बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी नव्या आज्ञापत्रांना हरकत घेतली. सरकारची बाजू मांडणे हे पदामुळे ओटिस यांचे काम होते. त्यांनी राजीनामा दिला आणि मोबदला न घेता व्यापाऱ्यांचे वकीलपत्र घेतले. सरकारतर्फे उभे राहिले ते त्यांचे गुरू ग्रिडली.

फेब्रुवारी १७६१ मध्ये मुख्य न्यायाधीश टॉमस हचिन्सन यांच्यापुढे सुनावणी झाली. शपथेवर केलेली तक्रार आणि ठरावीक जागेचा उल्लेख असेल तरच झडतीचा हुकूम वैध. सरसकट हुकूम मूलभूत कायद्याविरुद्ध असून पार्लमेंटलाही तो वैध करता येणार नाही, असे ओटिस यांचे प्रतिपादन होते. या भाषणाची अधिकृत प्रत नाही. श्रोत्यांतील तरुण जॉन ॲडम्स यांची टिपणे आणि त्यांच्या म्हातारपणच्या आठवणी यांवरच भिस्त आहे. म्हणून ओटिस यांच्या नावावर सांगितली जाणारी वाक्ये जपूनच वापरावीत. वडिलांना हवे असलेले न्यायाधीशपद हचिन्सन यांना मिळाल्याचा हा राग आहे, असे विरोधक म्हणत. राग असेलही, युक्तिवाद त्याने लंगडा होत नाही.

ओटिस हरले. इंग्लंडमधील प्रघात तपासून न्यायालयाने वर्षअखेरीस आज्ञापत्रे मान्य केली.

१७६४ च्या पुस्तिकेत त्यांनी वसाहतींचे हक्क मांडले व कृष्णवर्णीयांनाही ते लागू असल्याचे लिहिले. १७६९ मध्ये एका कॉफीगृहात जकात आयुक्त जॉन रॉबिन्सन यांच्याशी झालेल्या मारामारीत त्यांच्या डोक्याला जबर जखम झाली. आधीपासूनच डळमळीत असलेले मानसिक स्वास्थ्य त्यानंतर ढासळत गेले. न्यायालयाने २,००० पौंडांची भरपाई दिली, पण माफी मिळताच त्यांनी ती सोडून दिली.

१७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या संविधानात सरसकट झडतीविरुद्ध कलम आले. त्याचा मसुदा ॲडम्स यांचा होता. अमेरिकेच्या संविधानातील चौथी दुरुस्ती (१७९१) पाहायला ओटिस नव्हते. अँडोव्हर येथे स्नेह्यांच्या घराच्या दारात उभे असताना वीज पडून त्यांचा मृत्यू झाला.