६५५३७ : फ्रान्सच्या एका न्यायाधीशाचा आकडा तुमच्या फोनपर्यंत कसा पोहोचला?

आठवीत घातांकाचे नियम मी पाठ केले, पेपर लिहिला आणि विसरून गेलो. हे पुढे कुठे कामाला येणार, असं तेव्हा वाटायचं. मागे एकदा लॅपटॉपवर एका वेबसाइटच्या सर्टिफिकेटचे तपशील उघडून बघत होतो. त्यात घातांक म्हणून एक आकडा दिसला : ६५५३७. दुसरी साइट उघडली, तिथेही तोच. तिसरीकडेही तोच! हा आकडा आला कुठून हे शोधता शोधता मी पोहोचलो पिएर द फर्मा या माणसापर्यंत. आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

पेशाने न्यायाधीश, छंद गणिताचा

फर्मा यांचा जन्म सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण फ्रान्समधल्या बोमाँ-द-लोमान्य या गावी झाला. वडील चामड्याचे व्यापारी. मुलाने कायदा शिकला आणि १६३१ मध्ये तो तुलूझच्या न्यायालयात रुजू झाला. नोकरी शेवटपर्यंत तीच. गणित केलं ते फावल्या वेळात.

पण त्यांनी जवळजवळ काहीच छापलं नाही. जे सुचेल ते पत्रातून मित्रांना कळवायचं, नाहीतर पुस्तकाच्या समासात लिहून ठेवायचं. पुरावा मागितला की बरेचदा टाळाटाळ. त्यामुळे समोरचे लोक वैतागायचे. देकार्त यांच्याशी तर चांगलाच वाद झाला. गंमत बघा, आपण आज घातांक डोक्यावर छोट्या आकड्यात लिहितो, ती पद्धत देकार्त यांच्या १६३७ च्या पुस्तकामुळे रूढ झाली. घातांकांवर इतकं काम करणारे फर्मा मात्र जुन्याच पद्धतीने, वर्ग आणि घन असे शब्द वापरून लिहीत राहिले.

एक छोटा नियम

१६४० मध्ये फ्रेनिकल या मित्राला लिहिलेल्या पत्रात फर्मा यांनी एक नियम कळवला. सोप्या शब्दांत असा : कोणतीही पूर्ण संख्या घ्या आणि एक मूळ संख्या घ्या. पहिल्या संख्येचा तितकावा घात करा, त्यातून ती संख्या वजा करा. उरलेल्याला त्या मूळ संख्येने पूर्ण भाग जातोच. उदाहरणार्थ, २ चा ७ वा घात १२८. त्यातून २ गेले, उरले १२६. आणि १२६ म्हणजे ७ गुणिले १८. जमलं की नाही?

पुरावा? तो लांबलचक होईल म्हणून पाठवला नाही. जवळपास शंभर वर्षांनी, १७३६ मध्ये, ऑयलर यांनी तो मांडला आणि पुढे हा नियम आणखी वाढवला. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी याच पायावर आरएसए नावाचं कुलूप तयार केलं.

मग ६५५३७ च का?

त्याच काळात फर्मा यांनी संख्यांची एक रांग मांडली होती. २ घ्या, घातांक म्हणून १, २, ४, ८, १६ असे दुप्पट होत जाणारे आकडे वापरा आणि उत्तरात १ मिळवा. मिळतात ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७. पाचही मूळ संख्या! म्हणून या रांगेतली प्रत्येक संख्या मूळच असणार, असं त्यांना ठामपणे वाटत होतं. वर्षानुवर्षं ते हेच सांगत राहिले, पण पुरावा त्यांच्याकडे नव्हता.

पुढची संख्या होती ४२९४९६७२९७. १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवलं की तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो. भागाकार येतो ६७००४१७. तुमच्या फोनच्या कॅल्क्युलेटरवर आत्ता करून बघा.

मला खरी चुटपुट लागली ती इथे. फर्मा यांचाच छोटा नियम नीट लावला, तर या संख्येचा मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असायला हवा हे कळतं. म्हणजे तपासायच्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाच भागाकार! हत्यार त्यांच्याच हातात होतं. ६५५३७ नंतर या रांगेतली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

आता फोनकडे येऊ. आरएसएच्या सर्टिफिकेटवरची डिजिटल सही म्हणजे साधारण सहाशेहून जास्त अंकांची एक संख्या. तुमचा फोन तिचा ६५५३७ वा घात करतो, दुसऱ्या तेवढ्याच मोठ्या संख्येने भागतो आणि बाकी तपासतो. बाकी जुळली तरच सही खरी. इतका मोठा घात म्हणजे फोन हँग व्हायला हवा ना? नाही होत. ६५५३७ म्हणजे २ चा १६ वा घात अधिक १. त्यामुळे १६ वेळा वर्ग करायचा आणि एकदा गुणायचं, एकूण १७ गुणाकार. प्रत्येक पायरीला भागून बाकीच पुढे न्यायची, म्हणून संख्या फुगत नाही.

समासातली नोंद

१६५३ मध्ये प्लेगने फर्मा गेले अशी बातमीही पसरली होती. ती खोटी निघाली, ते बचावले. १२ जानेवारी १६६५ रोजी कास्त्र इथे त्यांचं निधन झालं. कागदपत्रं मुलाने गोळा केली आणि १६७० मध्ये समासातल्या नोंदी छापल्या. त्यात ती प्रसिद्ध नोंदही होती : घातांक २ पेक्षा मोठा असेल, तर दोन घातांची बेरीज पुन्हा तसाच घात होत नाही. पुरावा आहे पण समासात मावत नाही, असा दावा. तो सिद्ध व्हायला १९९५ उजाडलं, तेही अँड्र्यू वाइल्स यांच्या हातून.

मुलाने ते कागद रद्दीत घातले असते तर? हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. म्हणून आता काही सुचलं की मी ते पूर्ण लिहून ठेवतो, पुरावा आणि पायऱ्यांसकट.