कुमारी कॉर्नेलिया सोराबजी

नाशिक रोडहून नाशिक गांव तें किती दूर? दोन-तीन कोस. त्या गांवांत १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं जन्मलेल्या एका मुलीचें नांव मात्र आपल्यापैकीं थोड्यांच्याच कानांवर गेलें असेल. वकिलीच्या क्षेत्रांत शिरलेल्या हिंदी स्त्रियांत ज्यांचें नांव प्रथम घेतलें जातें, त्या कुमारी कॉर्नेलिया सोराबजी याच होत.

वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्मांतून ख्रिस्ती झालेले. मातोश्री फ्रान्सिना यांनीं पुण्यास व्हिक्टोरिया हायस्कूल काढलें. मुलींनीं शिकावें कीं नाहीं, हा प्रश्न त्या घरांत निघतच नसे. डेक्कन कॉलेजांतून कॉर्नेलियाबाई पहिल्या वर्गांत पदवीधर झाल्या. अशा विद्यार्थ्यास विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती मुलीस मिळाली नाहीं. तेव्हां त्यांनीं कांहीं काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत अध्यापन केलें. अखेर फ्लॉरेन्स नाइटिंगेल इत्यादिकांनीं वर्गणी जमविली, व १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डला पोंचल्या. तेथील कायद्याच्या परीक्षेस बसण्यासाठींही विशेष परवानगी काढावी लागली. १८९२ सालीं परीक्षा दिली. पदवी हातीं पडली १९२२ सालीं!

१८९४ सालीं स्वदेशीं परतल्यावर त्यांचें लक्ष पडदानशीन स्त्रियांकडे वळलें. परपुरुषासमोर येण्याची ज्यांस मनाई, त्यांनीं वकिलास गाऱ्हाणें सांगावें तरी कसें? जमीनजुमला मोठा, पण कारभारी पुढें करील त्या दस्तऐवजावर आंगठा उठवावयाचा, अशी स्थिति. बाईंनीं १८९७ सालीं मुंबईची एल्‌एल्‌. बी. परीक्षा व १८९९ सालीं अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरी सनद मिळेना. कोर्टाचें दार बंद, म्हणून त्या माजघराच्या दारानें आंत गेल्या, असें म्हणावें लागतें. अज्ञान वारस व विधवा जमीनदारिणी यांच्या इस्टेटी पाहणाऱ्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे १९०४ सालीं त्यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम या मुलखांत कधीं पालखींतून, कधीं होडींतून प्रवास करावा, अंतःपुरांत बसून तक्रारी ऐकाव्या, हिशेब तपासावे, पोटगीची तजवीज करावी, पोरक्या मुलांच्या शिक्षणाची सोय लावावी, असा हा क्रम सुमारें वीस वर्षें चालला. सहाशेंहून अधिक स्त्रियांस व मुलांस त्यांचें साहाय्य झालें, असा अंदाज आहे. कोर्टांत गाजलेल्या खटल्यांपेक्षां ही न गाजलेली वकिली मला तरी मोठी वाटते.

त्यांचीं सर्वच मतें आपणांस पटतील असें नाहीं. ब्रिटिश राज्य राहावें असें त्यांस वाटे. गांधीजींच्या चळवळीस त्यांनीं उघड विरोध केला. मिस मेयो यांच्या पुस्तकाची पाठराखण केल्यावर तर पुष्कळ सुशिक्षित स्त्रियाही त्यांना दुरावल्या. त्यायोगें त्यांच्या कार्यास धक्का बसला, हें कबूल केलें पाहिजे.

१९२३ च्या कायद्यानें स्त्रियांस वकिलीची मोकळीक झाली. दुसऱ्याच वर्षीं बाईंनीं कलकत्त्यास वकिली सुरू केली. तेव्हां त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. तेथेंही पुरुषवर्गाच्या आकसामुळें कज्जा चालविण्यापेक्षां लेखी सल्ला देण्याचेंच काम अधिक वांट्यास आलें. १९२९ सालीं निवृत्त होऊन त्या लंडनास गेल्या, व तेथेंच ६ जुलै १९५४ रोजीं वारल्या.