ना रब्बी, ना शाळा, ना लिहिलेला इतिहास: बेने इस्रायलींसाठी झटणारे हाईम केहिमकर कोण होते?

दिवेकर, पेणकर, राजपूरकर, केहिमकर. आडनावे ऐकली की वाटते, ही कोकणातली नेहमीची मराठी मंडळी. मंडळी मराठीच, पण धर्माने ज्यू. रायगड जिल्ह्यातल्या गावांवरून अशी शंभराहून अधिक आडनावे घेणाऱ्या या समाजाला 'बेने इस्रायल' म्हणतात. अलिबागजवळच्या किहीम गावाचे नाव लावणाऱ्या घराण्यातल्या एका माणसाने या समाजाला स्वतःची शाळा दिली आणि स्वतःचा लिखित इतिहासही. त्यांचे नाव हाईम सॅम्युअल केहिमकर.

'शनिवार तेली' म्हणजे कोण?

बेने इस्रायलींची परंपरा सांगते, की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. जवळचे सगळे बुडाले, धर्मग्रंथही गेले. हे लोक कोकणात राहिले, मराठी बोलू लागले, घाण्यावर तेल गाळू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत.

ग्रंथ नसले तरी सण विसरले गेले नाहीत, फक्त त्यांची नावे मराठी झाली. योम किप्पूरच्या उपवासाला घराचे दार लावून घेत, म्हणून तो 'दारफाळणीचा सण'. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा दिवस झाला 'बिरड्याचा रोजा'. एक 'खिरीचा सण'ही होता.

पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू विद्वानाने या लोकांना ओळखले आणि तीन जणांना धर्माचे शिक्षण दिले, असे परंपरा मानते. या तिघांच्या वंशजांना 'काजी' म्हणत. ते गावोगाव फिरून लग्ने लावत, विधी करत आणि तंटे मिटवत. रब्बी नसलेल्या समाजाचे नेतृत्व पिढ्यान् पिढ्या या काजींकडेच होते.

सिनेगॉग उभे राहिले, पण वाचणार कोण?

अठराव्या शतकात बेने इस्रायली कुटुंबे मुंबईत येऊ लागली. कोणी सैन्यात शिरले, कोणी बांधकामात. १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. मग रेवदंडा, अलिबाग, पनवेल इथेही सिनेगॉग झाली. कारभारासाठी मुकादम, हिशेबासाठी गबाई, प्रार्थना म्हणायला हज्जान अशी पदे आली.

अडचण एकच होती. प्रार्थना हिब्रूत आणि हिब्रू जाणणारे अगदी थोडे. त्यामुळे प्रार्थना चालवायला, शिकवायला कोचीनसारख्या ठिकाणांहून माणसे येत. गंमत म्हणजे मराठीतून हिब्रू शिकण्याचे व्याकरणही समाजाबाहेरून आले. ते १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी लिहिले. बेने इस्रायली मुले मिशनच्या शाळांत शिकत होती. तिथे लिहायला-वाचायला येई, पण मिशनचा मूळ हेतू ख्रिस्ती धर्माचा प्रसार हाच होता.

केहिमकर यांचा जन्म १८३० चा, म्हणजे याच काळातला. आपली मुले आपले प्रार्थनेचे पुस्तक स्वतः वाचू शकली नाहीत, तर सिनेगॉग चालवायला उद्या माणसे कुठून येणार, हा प्रश्न त्यांच्या पिढीसमोर होता.

शाळेसाठी इतिहास

१८७५ मध्ये केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत 'इस्रायलाइट स्कूल' सुरू केले. मुलांना शालेय विषयांसोबत हिब्रू आणि धर्माचे शिक्षण मिळू लागले. समाज गरीब, म्हणून पैशांची चणचण कायमची. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने मदत सुरू केली. पण परदेशातल्या लोकांकडे मदत मागायची, तर आधी आपण कोण हे सांगावे लागे. १८९२ मध्ये केहिमकर यांनी एक पुस्तिका काढली. तिच्यात समाजाचा थोडक्यात इतिहास होता आणि शिक्षणासाठी मदतीचे आवाहनही.

ओळखीचा प्रश्न फक्त परदेशातला नव्हता. मुंबईत बगदादहून आलेले ज्यू व्यापारी स्थिरावले होते. त्यांच्यातले काही जण बेने इस्रायलींना बरोबरीचे ज्यू मानायला तयार नव्हते. १८३६ मध्ये तर ज्यू दफनभूमीत दोन्ही समाजांच्या मध्ये भिंत घालावी, अशी मागणी झाली होती.

केहिमकर यांनी या शंकांना सविस्तर उत्तर द्यायचे ठरवले. त्यांनी समाजाच्या परंपरा, सण, लग्नाच्या रीती, आडनावे, सिनेगॉगचा कारभार असे सगळे नोंदवून इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. आपले पूर्वज इसवी सन पूर्व १७५ च्या सुमारास गॅलिलीहून निघाले, असे त्यांचे मत होते. या तारखेला ठोस पुरावा नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या चालीरीतींची त्यांनी केलेली नोंद आजही अभ्यासकांना लागते.

४० वर्षे पडून राहिलेले हस्तलिखित

ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला, पण छापला गेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केहिमकर वारले, तेव्हाही तो हस्तलिखितच होता.

१९३६ मध्ये इमॅन्युएल ओल्सवँगर हे ज्यू विद्वान भारतात आले. त्यांच्या संपादनाखाली १९३७ मध्ये हा ग्रंथ तेल अवीवमध्ये 'द हिस्ट्री ऑफ द बेने इस्रायल ऑफ इंडिया' या नावाने निघाला. शाळेचेही नशीब याच दशकात पालटले. हाँगकाँग आणि शांघायमध्ये उद्योग उभारणाऱ्या सर एली कदूरी यांनी देणगी दिली आणि शाळेला त्यांचे नाव मिळाले. कदूरी मूळचे बगदादी ज्यू होते.

शंका मिटली कधी?

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले. तिथे १९६२ मध्ये जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. बेने इस्रायलींशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आजी-पणजीपर्यंतच्या वंशाची चौकशी करावी, असा आदेश तिथल्या मुख्य रब्बींच्या संस्थेने काढला. लोकांनी आंदोलन केले. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने आणि सरकारने ते पूर्णपणे ज्यू असल्याचे स्पष्ट केले आणि तो आदेश बदलला गेला. केहिमकर यांचा ग्रंथ तोवर त्याच देशात छापून २५ हून अधिक वर्षे झाली होती.

महाराष्ट्रात आता काही हजारच ज्यू उरले आहेत. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. मुंबईत माझगावला सर एली कदूरी शाळा आजही भरते, मात्र तिथली बहुतेक मुले आता इतर धर्मांची आहेत. आणि आपल्या खापरपणजीच्या घरी 'बिरड्याचा रोजा' कसा पाळत, हे एखाद्या बेने इस्रायली मुलाला आज जाणून घ्यायचे असेल, तर त्याला केहिमकर यांचे पुस्तक उघडता येते.