ब्लू स्क्रीन आली की लगेच फॉरमॅट मारताय? आधी ग्रेस हॉपर यांची गोष्ट वाचा

सातबारा काढायला ई-सेवा केंद्राबाहेर रांग लागलेली असते, फॉर्म भरायची शेवटची तारीख असते आणि नेमकी तेव्हाच कॉम्प्युटरवर निळी स्क्रीन येते. बारामती असो की इंदापूर, हा सीन सगळ्यांनी पाहिलाय. (नव्या विंडोज 11 मध्ये ही स्क्रीन आता काळी झालीये, पण मनस्ताप तोच.) मशीन दुकानात नेलं की बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर मिळतं, फॉरमॅट मारावा लागेल. पैसे जातात, कधी कधी डेटाही जातो आणि आठवड्याभराने तीच स्क्रीन पुन्हा हजर.

असं का होतं? कारण बिघाड नेमका कुठे आहे, हे कोणी शोधलेलंच नसतं.

बिघाड शोधायचा कसा, हे समजून घ्यायचं तर एका बाईंचं आयुष्य बघायला लागतं. त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

घड्याळं उघडणारी पोरगी

9 डिसेंबर 1906 ला न्यूयॉर्कमध्ये ग्रेसचा जन्म झाला. लहानपणी घरातलं गजराचं घड्याळ चालतं कसं, हे बघायला तिने ते उघडलं. परत जोडता येईना म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. घरातली सात घड्याळं खोलून झाल्यावर आईच्या लक्षात आलं. आईने पोरीला झोडपलं नाही, फक्त खोलायला एकच घड्याळ मिळेल असा नियम घातला.

पुढे ग्रेसने व्हॅसर कॉलेजमधून पदवी घेतली आणि 1934 मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली. तोपर्यंत त्या व्हॅसरमध्येच शिकवायला लागल्या होत्या. सुरक्षित नोकरी होती, आयुष्य तसं सेट होतं.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. हॉपर यांना नौदलात जायचं होतं, पण वय जास्त आणि वजन नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी. तरी त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. खास सवलत मिळवून डिसेंबर 1943 मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि 1944 मध्ये त्यांची नेमणूक झाली हार्वर्ड विद्यापीठात, मार्क 1 नावाच्या मशीनवर.

51 फुटांचा कॉम्प्युटर आणि एक पतंग

मार्क 1 म्हणजे 51 फूट लांब, 8 फूट उंच असं धूड. आत साडेसात लाखांहून जास्त सुटे भाग. नौदलाची गणितं या मशीनवर व्हायची. उत्तर चुकलं की प्रश्न पडायचा, चूक टेपवर लिहिलेल्या सूचनांमध्ये आहे की मशीनच्या एखाद्या भागात? आजच्या भाषेत सांगायचं तर सॉफ्टवेअर की हार्डवेअर?

यावर उपाय होता नोंदवहीचा. आपल्याकडे माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गळीत हंगामात प्रत्येक शिफ्टची नोंद होते. रात्री मिल थांबली तर सकाळची शिफ्ट आधी वही बघते. हार्वर्डमध्येही तेच चालायचं. किती वाजता कोणती चाचणी घेतली, काय बिघडलं, सगळं वहीत.

मार्क 1 नंतर मार्क 2 आला. 9 सप्टेंबर 1947 ला त्याची चाचणी चालू असताना गडबड झाली. टीमने एकेक भाग तपासला तेव्हा पॅनल एफमधल्या 70 नंबरच्या रिलेत एक पतंग सापडला. दिव्याभोवती फिरतो तो किडा. त्यांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने लावला आणि शेजारी वेळ लिहिली. किड्यासकट ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

इथे एक गैरसमज दूर करू. बग हा शब्द हॉपर यांनी शोधला, असं सर्रास फिरवलं जातं. तसं नाहीये. मशीनमधल्या दोषाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची आहे आणि तो पतंगही हॉपर यांनी स्वतः पकडला नव्हता. पण ही गोष्ट त्यांनी पुढे इतक्यांदा सांगितली की ती जगभर पोहोचली.

दुभाषी घडवणाऱ्या बाई

1949 मध्ये हॉपर खासगी कंपनीत गेल्या आणि युनिव्हॅक या कॉम्प्युटरवर काम करू लागल्या. तिथे 1952 मध्ये त्यांनी ए-0 नावाचा कंपायलर तयार केला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना मशीनच्या भाषेत नेणारा दुभाषी. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, असं तेव्हा लोक धरून चालले होते, त्यामुळे सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही. पुढे त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेच्या पायावर 1959 मध्ये कोबोल भाषेचं काम सुरू झालं. जगातल्या कित्येक बँकांचे व्यवहार आजही कोबोलवर चालतात.

1966 च्या शेवटी नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि 1967 मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने जवळपास 19 वर्षं लांबले. काम काय होतं? वेगवेगळ्या कंपन्यांचे कोबोल कंपायलर ठरलेल्या नियमाप्रमाणे चालतात का, हे चाचण्या घेऊन तपासायचं. थोडक्यात, दुभाषी बरोबर बोलतोय ना, याची खात्री करायची. 1986 मध्ये त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, तेव्हा वय होतं 79. 1 जानेवारी 1992 ला त्यांचं निधन झालं.

आता याचा तुमच्या ब्लू स्क्रीनशी काय संबंध?

ड्रायव्हर हासुद्धा एक दुभाषीच आहे. विंडोज आणि प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड, वायफाय यांच्या मधला. यातले बरेच ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतात, त्यामुळे ते चुकले की सगळं मशीन बसतं.

19 जुलै 2024 आठवतोय? क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर एका सदोष फाइलमुळे कोसळला आणि जगभरातले सुमारे 85 लाख कॉम्प्युटर बंद पडले. भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यावर उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढायची होती. ज्यांना नेमका दोष माहीत होता, त्यांचा डेटा शाबूत राहिला.

तुम्हीही हेच करू शकता. स्क्रीनवरचा कोड मोबाइलवर टिपून घ्या. बंद पडण्याआधी शेवटचा बदल काय केला, ते आठवा. नवा प्रिंटर जोडला की अपडेट आलं? विंडोजची स्वतःची नोंदवहीही असते. सर्चमध्ये रिलायबिलिटी टाइप केलंत तर कोणत्या दिवशी काय कोसळलं, ते तारखेनिशी दिसतं.

मग डेटाचा बॅकअप घेऊन सेफ मोडमध्ये मशीन चालवा. तिथे मोजकेच ड्रायव्हर चालू असतात. तिथे नीट चाललं तर संशय ड्रायव्हरवर, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर परत आणा. तिथेही बंद पडलं तर हार्डवेअरकडे बघा. मशीन बंद करून वायर काढा, रॅम काढून नीट बसवा, एकापेक्षा जास्त असतील तर एकेक लावून बघा. पंख्यावरची धूळ, हार्ड डिस्क आणि एसएमपीएस तपासून घ्या. आपल्याकडे व्होल्टेजची बोंब असल्याने एसएमपीएसवर आधी संशय घेतलेला बरा.

एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन चालू होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही.

एवढं करूनही दुकानात जावं लागलं तर ती चिठ्ठी सोबत न्या. फॉरमॅट मारण्याआधी दुकानदाराला ती वाचायला द्या.