डॉ. होमी भाभा

आपल्या देशात अणुशक्तीचे काम सुरू करणारे थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी घराण्यात झाला. वडिलांचे नाव जहांगीर व आईचे नाव मेहेरबाई. त्यांना चित्रकला आणि संगीत फार आवडे.

पुढे ते शिकायला विलायतेस केंब्रिजला गेले. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावे, असे वडिलांना वाटे. होमींचे मन तर गणितात. वडिलांनी अट घातली. आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळवायचा, मग मनासारखे शिकायचे. १९३० साली होमी पहिल्या वर्गात पास झाले. वडिलांनीही शब्द पाळला.

मित्रांनो, आकाशातून रात्रंदिवस बारीक कण येत असतात. त्यांना विश्वकिरण म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. जोरदार कण वर हवेला धडकला की एकाचे दोन होतात, दोनाचे चार, चाराचे आठ. अशी कणांची सरच खाली येते. याचे गणित भाभांनी वाल्टर हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर १९३७ साली मांडले. मला ते आधी समजेना. मग गुरुजींनी चिंचोके मांडून दाखवले. पहिल्या कणात जेवढी शक्ती जास्त, तेवढी सर मोठी. म्हणून जमिनीवर पडलेले कण मोजले की वरच्या पहिल्या कणाची शक्ती काढता येते. लहान सरी पुष्कळ येतात, फार मोठ्या क्वचितच.

१९३९ साली ते सुट्टीत घरी आले आणि महायुद्ध सुरू झाले. परत जाता येईना. मग बंगलोरला राहून त्यांनी विश्वकिरणांचे काम चालू केले. पुढे त्यांनी परत जायचा विचारच सोडला. आपल्या मुलांना इथेच मोठे संशोधन करता यावे म्हणून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली.

२४ जानेवारी १९६६ रोजी युरोपात माँ ब्लाँ डोंगरावर विमान आदळले. त्यात त्यांचे निधन झाले. सगळ्या देशाला वाईट वाटले. १९६७ साली तुर्भ्याच्या अणुकेंद्राला त्यांचे नाव दिले.

त्यांच्या संस्थेने उटीच्या डोंगरात जमिनीवर सुमारे ४०० यंत्रे मांडली आहेत. कण लागला की यंत्रात बारीक उजेड चमकतो. त्यावरून सर किती मोठी ते कळते.

मला भागाकार आवडत नाही. पण भाभांची गोष्ट ऐकल्यापासून मी रोज दोन गणितं सोडवतो.

अशा थोर शास्त्रज्ञाला माझा नमस्कार.