लंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ

अधिकाराचे पद मिळावे म्हणून झटणारे पुष्कळ असतात. परंतु हाती आलेले पद आपण होऊन खाली ठेवणारे व परमुलखाची वाट धरणारे विरळा. अशा एका पुण्यपुरुषाचे चरित्र या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी धारूर येथील वाचकांस संक्षेपाने सादर करीत आहोत.

जोसेफ वाझ यांचा जन्म गोव्यातील साष्टी प्रांतात, बाणावली या आजोळच्या गावी, २१ एप्रिल १६५१ रोजी झाला. वडील सांकवाळचे. येशूसंघीय व डोमिनिकन यांच्या विद्यालयांत अध्ययन करून १६७६ साली ते धर्मगुरू झाले. सांकवाळ येथे त्यांनी लॅटिनची शाळा काढली. पुढे १६८१ ते १६८४ पर्यंत कानडा प्रांतातील मिशनचा कारभार वाहिला. परत आल्यावर १६८५ साली ते जुने गोवे येथील देशी धर्मगुरूंच्या लहानशा संघात शिरले व लवकरच त्याचे प्रमुख झाले. हाच संघ पुढे संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या नियमाने चालू लागला.

परंतु त्यांचे चित्त लंकेकडे लागले होते. डचांनी १६५६ साली कोलंबो व १६५८ साली जाफना पोर्तुगीजांपासून घेऊन कॅथलिक धर्मगुरूंस तेथे बंदी केली होती. हजारो भाविक मेंढपाळाविना राहिले. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याच्या उशाशी धर्मगुरू नाही, अशी त्यांची स्थिती झाली. तेव्हा फादर वाझ यांनी प्रमुखपद सोडले व १६८६ साली जॉन नामक एका तरुण सेवकासह गोवा सोडला. १६८७ च्या ईस्टरला तुतिकोरिनहून ते जहाजात बसले. समुद्रात हगवणीने त्यांस ग्रासले. जाफन्यास उतरले तेव्हा अंगी त्राण उरले नव्हते. प्रकृती सुधारताच ते भिकाऱ्याच्या वेषाने, गळ्यात जपमाळ घालून दारोदार फिरू लागले. जपमाळ पाहून जे ओळख देत, त्यांच्या घरी रात्री गुप्तपणे मिस्सा होई.

१६९२ साली ते कँडीच्या राज्यात गेले. तेथे पोर्तुगीजांचे हेर म्हणून त्यांस कैदेत टाकण्यात आले. तुरुंगात त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली, व पहारा सैल होताच आवारात पवित्र मातेच्या नावे एक झोपडीवजा देऊळ उभारले. नऊ वर्षे एकट्याने श्रमल्यावर १६९६ च्या सुमारास गोव्याहून सोबती आले. १६९७ साली कँडीत देवीची साथ उसळली. आप्तांनी टाकलेल्या रोग्यांची सेवा फादर वाझ व फादर कार्व्हाल्यो यांनी केली. धर्म वा जात पाहिली नाही. तेणेकरून राजदरबारी त्यांचा मान वाढला.

एवढ्या विस्तीर्ण बेटावर मूठभर धर्मगुरू कोठवर पुरणार? म्हणून प्रत्येक गावी वडीलधारा प्रापंचिक नेमून त्याच्याकडे प्रार्थना चालविणे, मुलांस शिकविणे व प्रसंगी बाप्तिस्मा देणे ही कामे सोपविली. १७०५ साली आलेले फादर जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली व तमिळ भाषांत धर्मग्रंथ रचून या कार्यास बळ दिले. बिशपपदाची गोष्ट निघाली तेव्हा फादर वाझ यांनी ती नाकारली. मातृभूमीचे पुन्हा दर्शन न होता १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच ते प्रभुचरणी लीन झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली त्यांस धन्य व पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे संत म्हणून घोषित केले.

धारूरकरांस कोट व त्याचे भवितव्य सांगणे नको. आमचा हा किल्ला १६३१ साली निजामशाहीकडून मोगलांकडे गेला. लंकेतील पोर्तुगीजांचे कोटही असेच परक्यांच्या हाती गेले. परंतु कोट गेले म्हणून श्रद्धा गेली नाही, कारण ती तटबंदीच्या आश्रयास नव्हती. घराघरांतील जपमाळेत होती. बालाघाटाच्या या माथ्यावर धर्मगुरू दररोज प्रत्येक वस्तीस पोहोचेल असे नाही. म्हणून सायंप्रार्थना चालविणारा बाप, मुलास क्रुसाची खूण शिकविणारी माता व गावोगाव फिरणारा उपदेशक हेच ख्रिस्तसभेचे खरे आधारस्तंभ होत. धर्मग्रामाचा उत्सव करिताना हे आम्ही विसरू नये. संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीने परमेश्वर आम्हां सर्वांस तीच निष्ठा देवो.